अंगवळणी पडलेले शस्त्र

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, डॅलस शहरानजीक, गेली तीस वर्षे वास्तव्य करून असलेले आणि आता त्याच देशाचे नागरिक झालेले माझे एक पुणेकर स्नेही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रथमच कमरेला भरलेले पिस्तूल लावून, त्यावर सैल सदरा सोडून घराबाहेर पडले, तेव्हा त्यांना जावयाचे होते ते केवळ जवळच्या दुकानात दूध आणि कोथिंबीर आणावयास. त्या पाऊण तासाचे वर्णन त्यांनी पुढे मला अत्यंत बारकाईने केले. दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत भेटलेला प्रत्येक मनुष्य आपल्या उजव्या कुशीकडेच पाहत आहे असे त्यांना वाटत राहिले. सदऱ्याचे टोक खाली ओढण्यासाठी हात नकळत आठ-दहा वेळा कमरेकडे गेला. खालच्या फळीवरील पिशवी उचलण्यासाठी वाकावे की वाकू नये, असा आजवर कधी न पडलेला प्रश्न पडला. आणि घरी परतून पिस्तूल कुलूपबंद पेटीत ठेवल्यानंतरच आपली पाठ घामाने निथळत आहे हे त्यांच्या ध्यानात आले. कोथिंबीर आणावयाची राहून गेली होती.

नवी वहाण चार दिवस चावते आणि पुढे पाय व वहाण यांत दुजाभाव उरत नाही. नवा चष्मा आठवडाभर नाकाला टोचतो आणि नंतर तोच कपाळावर सरकवून मनुष्य त्याला घरभर शोधीत फिरतो. या मानवी स्वभावधर्माला आपल्या भाषेने ‘अंगवळणी पडणे’ असे मोठे मार्मिक नाव दिले आहे, कारण कोणतीही वस्तू सवयीची होण्यापूर्वी ती अंगाच्या वळणात बसावी लागते, हे त्या दोन शब्दांत येऊन जाते. परंतु वहाणेचे किंवा चष्म्याचे विस्मरण निरुपद्रवी असते. भरलेल्या पिस्तुलाचे तसे नसते. ते अंगाने विसरावे आणि मनाने क्षणभरही विसरू नये, अशी परस्परविरोधी साधना ते बाळगणाऱ्यास करावी लागते. आणि वस्त्राआड शस्त्र बाळगण्याचा जो विस्तृत व्यवहार अमेरिकेत गेल्या चाळीस वर्षांत उभा राहिला आहे, त्यातील पट्टा, म्यान, वस्त्र, कायदा व शिस्त ही सारी अंगे मला या एकाच विरोधाभोवती फिरताना दिसतात.

प्रथम लोकांच्या नजरेचा प्रश्न. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच व त्यांचे सहकारी यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गायक बॅरी मॅनिलो यांचे मोठे चित्र छापलेला, तरुणांना ओशाळवाणा वाटेल असा सदरा घालावयास लावून एकेका विद्यार्थ्यास इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठविण्यात आले, आणि तुझ्या सदऱ्यावर कोण आहे हे किती जणांनी ओळखले असेल, असे त्याला नंतर विचारण्यात आले. सदरा घालणाऱ्यांचा अंदाज सरासरीने निम्म्याच्या आसपास होता. प्रत्यक्षात ओळखणारे सुमारे एक चतुर्थांशच निघाले. स्वतःकडे वळलेल्या नजरांची संख्या मनुष्य अशी दुपटीने मोजतो. छातीवर उघड असलेले चित्र जर लोकांच्या लक्षात येत नाही, तर सदऱ्याखालचा उंचवटा कोठून यावा? शस्त्राचा आकार कपड्यावर उमटला, तरी तो फोन असेल किंवा औषधाचा पंप असेल, असेच पाहणाऱ्याचे मन गृहीत धरते. नवख्याचे गुपित उंचवट्यापेक्षा त्याचा हात फोडतो: जो हात पुनःपुन्हा कमरेला लागतो, सदरा सावरतो, मूठ जागेवर आहे की नाही हे चाचपून पाहतो, तोच जाणत्या डोळ्यांना सर्व काही सांगून जातो. म्हणून शिक्षकांचा पहिला आग्रह असतो तो हात दूर ठेवण्याचा; आणि तो पाळणे हे नेम साधण्याहून कठीण, असे माझ्या स्नेह्यांचे म्हणणे पडले.

अंगाला वजनाचा विसर पडतो तो त्वचेच्या स्वभावामुळे. त्वचेतील ज्ञानतंतूंची टोके बदलाला उत्कटतेने प्रतिसाद देतात आणि अखंड, एकसारख्या दाबाला हळूहळू मंद होत जातात. बोटातील अंगठी किंवा मनगटातील घड्याळ जाणवेनासे होते ते यामुळेच. मात्र त्यासाठी दाब स्थिर असावा लागतो. ग्लॉक १९ या अतिप्रचलित पिस्तुलाचे वजन रिकामे असता सुमारे ६०० ग्रॅम आणि पंधरा काडतुसांसह सुमारे ८५० ग्रॅम भरते. म्हणजे जवळजवळ शेराएवढे ओझे कमरेच्या एका बाजूस लटकते. साध्या मऊ पट्ट्यावर ते झोल खाते, पावलागणिक हलते, आणि हलणारे ओझे त्वचा कधीच विसरत नाही. ‘पिस्तूल बोचते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नवशिक्याला अनुभवी माणसे पिस्तूल बदलण्याऐवजी दोन पदरी, ताठ, वजनाखाली न वाकणारा पट्टा आधी घ्यावयास लावतात, त्यात हे शरीरशास्त्र दडलेले आहे. तथापि लहान शस्त्राचा मोहही खरा आहे, आणि तो मोठ्या प्रमाणावर बाजाराने पुरविला आहे: २००८ मध्ये रुगर या कंपनीने केवळ २७० ग्रॅम वजनाचे पिस्तूल विक्रीस काढले, २०१८ मध्ये सिग सॉअर या दुसऱ्या कंपनीने तळहाताएवढ्या पिस्तुलात दहा काडतुसे बसविली. लहान शस्त्र बाळगावयास सोपे आणि चालवावयास अवघड असते, कारण धक्का झेलणारी मूठ आखूड असते व हलक्या धातूत तो धक्का मुरत नाही.

पिस्तूल कमरेला कोठे लावावे, यासाठी या मंडळींनी कमरेची एक घड्याळाची तबकडीच कल्पिली आहे. बेंबी म्हणजे बारा, उजवे कटिस्थान म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा. ‘मी चारवर लावतो’ याचा अर्थ उजव्या कुशीच्या किंचित मागे. चार वाजताची जागा सदऱ्याखाली चांगली झाकते, परंतु कमरेतून वाकताच मूठ पाठीकडे उचलली जाऊन कापडावर उमटते. म्हणून वाकावयाचे ते गुडघ्यांतून, उकिडवे बसल्यासारखे. बाराच्या आसपासची जागा बसताना पोटात रुतते, मोटारीत विशेष छळते, पण हाताच्या व डोळ्याच्या ताब्यात राहते. या जागेचा धोका मात्र उघड आहे: नळीचे तोंड जांघेतील मोठ्या रक्तवाहिनीकडे रोखलेले असते.

आणि येथे म्यानाचा, म्हणजे हॉल्स्टरचा, विषय येतो. तो या साऱ्या प्रकरणाचा गाभा असल्याने त्यावर थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते. गास्तोन ग्लॉक या ऑस्ट्रियन कारखानदाराने १९८० च्या दशकारंभी जे पिस्तूल घडविले, त्यावर जुन्या पिस्तुलांसारखी बोटाने खालीवर करावयाची सुरक्षेची कळ नाही. चापातील लहान पाते, काडतुसावर आघात करणाऱ्या सुईचा अडसर आणि पडल्यास न उडण्याची योजना अशा तीन आंतरिक व्यवस्था त्यात आहेत. परंतु त्या तिन्ही चाप ओढताच दूर होतात. पिस्तुलाला चाप कोणी ओढला हे कळत नाही. बोट आणि सदऱ्याचे टोक त्याला सारखेच. यास्तव खरी सुरक्षा शस्त्राबाहेर, म्यानात, असते: चापाभोवतीची कडी पूर्णपणे झाकणारे, तोंडाशी ताठ राहणारे आणि पिस्तूल घट्ट धरून ठेवणारे म्यान. मऊ, जीर्ण झालेल्या चामड्याचे तोंड आत दुमडते आणि पिस्तूल परत खोचताना ती दुमड चापात शिरते. जाकिटाच्या कमरेची दोरीही तशीच शिरते. गोळी अवचित सुटण्याचे प्रसंग शस्त्र बाहेर काढताना जितके घडतात तितकेच ते परत ठेवताना घडू शकतात, आणि बाहेर काढण्याची घाई कदाचित समर्थनीय असली तरी परत ठेवण्याची घाई कधीच समर्थनीय नसते. म्हणून आता कायडेक्स नावाच्या, उष्णतेने हव्या त्या आकारात वळविता येणाऱ्या कठीण प्लास्टिकची म्याने सर्रास वापरली जातात, आणि खोचण्यापूर्वी थांबावे, कापड डाव्या हाताने दूर धरावे, म्यानात डोळ्यांनी पाहावे व मगच हळू सोडावे, असा शिरस्ता घालून दिलेला असतो.

तरीही नवख्याचे भय जात नाही, आणि ते जाऊ नये असेच मला वाटते. त्यावर एक जुनी युक्ती सांगितली जाते. नळीच्या बुडाशी काडतूस न चढविता, परंतु आतील यंत्रणा ताणलेली ठेवून, ते रिकामे पिस्तूल आठवडाभर घरात व अंगणात वागवावे. जिने चढावेत, भांडी घासावीत, लहान मुलांमागे धावावे, आणि दर रात्री ती यंत्रणा ताणलेलीच आहे की आपोआप सुटली, हे तपासावे. माझ्या स्नेह्यांनी हे पंधरा दिवस केले. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगण्याची मुभा असताना त्यांनी परवाना काढला होता, चार ते सहा तासांचा वर्ग केला होता, तीन, सात व पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा दिली होती. पण पिस्तूल आपणहून काही करीत नाही हा विश्वास त्यांना त्या पंधरा रात्रींनी दिला, आणि त्याचबरोबर, जे काही होईल ते आपल्याच हातून होईल, हा धाकही दिला.

शरीरापासून दूर ठेवलेले शस्त्र हा याहून मोठा धोका. शौचालयात पट्टा सैल करताच पिस्तूल खाली घसरते, म्हणून कोणी ते काढून टाकीवर ठेवतो आणि तेथेच विसरून निघून जातो. असे प्रसंग पोलिसांच्याही हातून घडलेले आहेत. स्त्रियांच्या पोशाखात ताठ पट्ट्याला जागा नसते, म्हणून पुष्कळ जणी शस्त्र हातपिशवीच्या चोरकप्प्यात ठेवतात. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन गावच्या एका मोठ्या दुकानात सामानाच्या ढकलगाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा हात आईच्या अशाच पिशवीत गेला. गोळी सुटली आणि आई जागच्या जागी मरण पावली. तिच्याजवळ परवाना होता, पिशवीही याच कामासाठी बनविलेली होती. हा प्रसंग लिहिताना माझा हात जड होतो.

वस्त्राआड शस्त्र म्हटले की मराठी मनापुढे १६५९ चा प्रतापगड उभा राहतो. अंगरख्याखालचे चिलखत आणि मुठीतील वाघनखे यांत आपल्याला दूरदृष्टी दिसते, लाज वाटत नाही. अमेरिकेच्या प्रारंभीच्या समाजाची भावना याच्या नेमकी उलट होती. कमरेला उघड लटकणारे शस्त्र हे सद्गृहस्थाचे आणि लपविलेले ते मारेकऱ्याचे वा जुगाऱ्याचे, असा समज दृढ असल्याने केंटकी व लुईझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच गुप्त शस्त्रांस बंदी घातली, आणि केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये ती रद्द ठरविली तेव्हा १८५० मध्ये त्या राज्याने आपल्या राज्यघटनेतच तशी तरतूद केली. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनविलेल्या खिशात मावणाऱ्या पिस्तुलाने १८६५ मध्ये लिंकन यांचा प्राण घेतला. न्यूयॉर्कच्या १९११ च्या सलिव्हन कायद्याने तर पिस्तुलास परवाना अनिवार्य केला, आणि पुढे गुप्त शस्त्राच्या परवान्यासाठी अर्जदारास सबळ कारण दाखविणे भाग पडले. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त अर्जाची जी छाननी करतात, तिच्याशी या पद्धतीचे साम्य मराठी वाचकाच्या लगेच ध्यानात येईल: मागणाऱ्याने गरज पटवावी आणि देणाऱ्याने आपल्या मुखत्यारीने ठरवावे.

ही वहिवाट उलटी फिरली ती फ्लोरिडाच्या १९८७ च्या कायद्याने. ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना नाकारण्याची मुखत्यारीच त्याने अधिकाऱ्यांकडून काढून घेतली. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्ससमधील किलीन येथील उपाहारगृहात एका माथेफिरूने २३ जणांस ठार केले. तेथे असलेल्या सुझॅना हप यांचे आईवडील त्यांच्यासमक्ष मारले गेले, आणि त्यांचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर, त्या काळच्या कायद्याच्या धाकाने, बाहेर मोटारीत पडून होते. त्यांनी राज्याराज्यांतून दिलेल्या साक्षींचा परिणाम मोठा झाला; टेक्ससने १९९५ मध्ये तसाच कायदा केला आणि हप पुढील वर्षी विधिमंडळात निवडून आल्या. इलिनॉय हे मुभा देणारे शेवटचे राज्य २०१३ मध्ये वळले. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘सबळ कारणा’ची अट घटनाबाह्य ठरविली, आणि २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याचीही गरज उरली नाही.

असे असले तरी सीमेची रेघ ओलांडताच तेच पिस्तूल गुन्हा ठरू शकते. पेनसिल्व्हेनियाचा परवाना जवळ असलेली एक माता २०१३ मध्ये न्यू जर्सीत शिरली, वाहतूक पोलिसाने थांबविताच तिने प्रामाणिकपणे शस्त्र असल्याचे सांगितले, आणि तिच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. २०१५ मध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. टपालकचेरीत बंदी, बहुतेक शाळांत बंदी. टेक्ससमध्ये खाजगी मालकास मनाई करावयाची झाल्यास इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत किमान एक इंच उंचीच्या अक्षरांची पाटी लावावी लागते. तिकडील आपल्या तरुण मंडळींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यास, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक वा काडतूस जवळ ठेवणे हाच १९९८ पासून संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मित्राने हौसेने दिले म्हणून घरी ठेवले, ही सबब चालत नाही.

कायदा पाळूनही संकट टळतेच असे नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातील फाल्कन हाइट्स येथे परवानाधारक कृष्णवर्णीय तरुणाची मोटार थांबविण्यात आली. आपल्याजवळ शस्त्र असल्याचे त्याने सौजन्याने सांगितले, आणि काही क्षणांत पोलिसाच्या गोळ्यांनी तो मारला गेला. पोलीस पुढील वर्षी निर्दोष सुटला. माझ्या स्नेह्यांनी हे सांगताना आपल्या सावळ्या मनगटाकडे पाहिले. पोलिसाने थांबविल्यास दोन्ही हात चाकावर उघडे ठेवावेत, विचारल्याविना खिशाकडे नेऊ नयेत, हे त्यांना वर्गात शिकविले होते. परंतु तो नियम सर्वांना सारखेच संरक्षण देतो असे त्यांना वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

शस्त्रामुळे समाज सुरक्षित होतो काय? अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९० च्या दशकात ‘होय’ असे मोठ्या हिरिरीने मांडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००४ च्या अहवालाला त्यास पुरेसा आधार सापडला नाही. आणि स्टॅनफर्डचे जॉन डॉनह्यू यांच्या २०१९ च्या अभ्यासाने अशा कायद्यांनंतर दहा वर्षांत हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी अधिक झाल्याचा निष्कर्ष काढला. या शेवटच्या पक्षाचे पारडे मला जड वाटते. पण ज्याने शस्त्र लावावयाचे ठरविलेच आहे, त्याला आकडेवारीपेक्षा स्वभावाची शिस्त अधिक उपयोगी पडेल. जेफ कूपर या ॲरिझोनातील शिक्षकाने मनाच्या सावधतेस रंगांच्या पायऱ्या दिल्या होत्या: पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे शांत पण जागा, पुढे नारिंगी व तांबडा. दिवसभर पिवळ्यात राहणे याचा अर्थ संशयाने पछाडणे असा नव्हे, तर फोनमध्ये डोके न घालता आसपास पाहत चालणे. मद्याचा प्याला वर्ज्य. रस्त्यावर कोणी शिवी दिली तर ती गिळून मार्ग सोडणे आले, कारण पूर्वी जे भांडण शब्दांवर मिटले असते ते आता आपल्याच कमरेवरील वस्तूने प्राणांतिक होऊ शकते. शस्त्र लावल्यापासून मी अधिक नम्र झालो, असे माझे स्नेही सांगतात, आणि त्यांना ओळखणारे त्यास दुजोरा देतात.

मग एके दिवशी अंग ते ओझे विसरते. सहा महिने, कोणास वर्ष लागते. हात कमरेकडे जात नाही, नजरा टोचत नाहीत, वाकताना गुडघे आपोआप दुमडतात, आणि पिस्तूल नसले तरच चुकल्यासारखे वाटते. आणि नेमका तेथून दुसरा धोका सुरू होतो. अमेरिकेतील विमानतळांच्या तपासणीत २०२३ या एका वर्षात ६,७३७ बंदुका प्रवाशांच्या हातसामानात व अंगावर सापडल्या, आणि त्यांपैकी ९३ टक्के भरलेल्या होत्या. सर्वांत अधिक अटलांटा येथे. दंड त्या वर्षी जवळजवळ १५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. या प्रवाशांनी दिलेले सर्वांत नेहमीचे कारण एकच आहे: विसरलो. ते खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही.

माझे स्नेहीही गेल्या हिवाळ्यात मुलीकडे निघताना विमानतळाच्या वाहनतळापर्यंत गेले, मोटारीतून उतरताना पट्टा कुशीला घासला, आणि ते उभ्या जागी थिजले. विमान चुकले. तेव्हापासून घराबाहेर पडताना उंबरठ्यावर थांबून ते आपल्या वडिलांच्या चालीवर मोठ्याने म्हणतात, ‘पाकीट, किल्ल्या, चष्मा’, आणि चौथ्या शब्दाऐवजी सदरा वर करून डोळ्यांनी पाहतात. प्रवासाचा दिवस असला तर त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येतात, पेटीचे कुलूप ओढून पाहतात, आणि ‘आत आहे, निघा’ असे सांगितल्यावरच दार उघडते.